चित्र थोडं पुसट आहे

दादा,

नमस्कार वगैरे आज नाही. आई गेल्यावर तिच्या जुन्या चित्रणाचे तुकडे जोडून तू व्हिडिओ केलास. नातेवाइकांनी तुला डोक्यावर घेतलं. मी डोकं धरून बसले.

फोनवर पटकन जावा म्हणून एक्स्पोर्ट करताना तू सगळ्यात लहान साइझ निवडलीस. वर लिहिलंस, 'चित्र थोडं पुसट आहे, पण आवाज बघ कसा खणखणीत!' आवाज? अरे, तुझ्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, विसरलास? आईचे ओठ वाचत मी वाढले. तुझ्या व्हिडिओत तिच्या तोंडाच्या जागी नुसते चौकोन थरथरतायत.

शेवटी ती शिवणयंत्रावरून मान वर करते आणि कॅमेऱ्यात बघून काहीतरी बोलते. पडद्याला नाक लावून पाहिलं, काही कळेना. तुला विचारलं, तर म्हणे, 'काही विशेष नाही गं, नेहमीचंच.' आणि मूळ फाइली? कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून उडवल्यास!

लहानपणी जेवताना सगळे हसायचे. 'काय झालं?' विचारलं, की तेव्हाही तू हेच म्हणायचास, 'काही विशेष नाही.' मग आई हातातला घास खाली ठेवायची, माझ्याकडे तोंड करायची आणि सगळं पहिल्यापासून सांगायची.

हे पत्र पाठवत नाही. वाचून तू सवयीने फोन लावशील.

दादा, मला ते नेहमीचंच हवं होतं.

तुझी बहीण