नानांच्या हातच्या भाकरी

माय, आज विद्यापीठात तुझ्या त्या चार दिवसांवर बैठक झाली. तुला हसू आलं असतं. लांबलचक टेबल, एसी, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि बहुतेक सगळे पुरुष. पाळीच्या दिवसांत विद्यार्थिनींना आणि नोकरीतल्या बायकांना सुट्टी द्यावी का, हा विषय. कुलगुरू परगावी, म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीत मी. प्र-कुलगुरू म्हणजे काय, हे तुला समजावून सांगायची वेळ आलीच नाही. मी साधी अधिव्याख्याता असतानाच तू गेलीस. बायकांचं आरोग्य हाच माझा विषय, आयुष्यभर त्यावरच लिहिलं, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मला दिसत होतं आपल्या पिंपळनेरच्या घराचं मागचं दार.

त्या दाराबाहेर तू बसली आहेस. खाली गोणपाट, शेजारी तुझा वेगळा तांब्या. मी जवळ आले की हात वर करून म्हणतेस, "आंगे येऊ नको." ते मला आजही बघवत नाही. आत चुलीपाशी नाना. शाळेतून आलेला मास्तर माणूस, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळतोय. "मीठ किती?" ते आतून ओरडतात. "चिमूटभर. आनि तवा तपू द्या पहिले," तू बाहेरून सांगतेस. तवा तापेपर्यंत धीर धरतील तर ते नाना कसले! भाकरी एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं कच्ची. तू पदर तोंडाला लावून हसतेस आणि ती सगळी खातेस. मग भिंतीला पाठ टेकतेस, थोड्या वेळानं तिथंच आडवी होतेस. एरवी तुला दिवसा आडवं झालेलं मी पाहिलं नाही. आणि एरवी नाना तुला काही विचारत नसत, फक्त सांगत. त्या चार दिवसांत मात्र विचारायचे.

मी आठवीत असताना नाना शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिराहून आले ते पेटूनच. "विटाळ-बिटाळ काही नसतं. आजपासून आपल्या घरात हे बंद." असं म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीदेखत तुझा हात धरला आणि तुला उंबऱ्याच्या आत आणलं. शेजारणींनी तोंडात बोटं घातली. पुढं शाळेत त्यांचा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. मी तर नानांना डोक्यावरच घेतलं. धुळ्याला कॉलेजात गेल्यावर ज्याला त्याला ही गोष्ट सांगायचे. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या उंबऱ्यापासूनच सुरू होतं. नानांनी केलं ते धाडसाचंच होतं माय, हे मी आजही म्हणते.

डॉक्टरेट मिळाल्यावर घरी आले तेव्हा तू मेथी निवडत होतीस. मी ते प्रकरण आपल्या बोलीत तुला सांगत गेले. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग काड्या बाजूला टाकत म्हणालीस, "बठ्ठं खरं शे. पन त्या दिनपासून तुन्हा नानानी भाकर थापी नही."

"माय, ती शिक्षा व्हती ना तुले!"

"व्हतीच. शिक्षा गयी ते बरं झायं. पन तिन्हा संगे मन्हं निजनंबी गयं. आते पोट दुखो, कंबर दुखो, चूल मन्हीच शे."

एवढं बोलून तू मेथीत हात घातलास. तुझ्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचं पुढं काय करायचं ते मात्र कितीतरी वर्षं कळलं नाही.

आज बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य माझंच पुस्तक घेऊन आले होते. पानात खूण घातलेली. म्हणाले, "मॅडम, बायकांना बाजूला बसवणं हा अन्याय, असं तुम्हीच लिहिलंय. मग आता सुट्टी देऊन तुम्हीच त्यांना बाजूला बसवणार?" दोघेतिघे हसले. ठराव आज पडला असता तर पुन्हा कुणी त्याला हात लावला नसता, आणि कळवळत प्रॅक्टिकलला उभ्या राहणाऱ्या मुली तशाच उभ्या राहिल्या असत्या. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात टोकाला बसलेली एक तरुण प्राध्यापिका हळूच म्हणाली, "सुट्टी घेतली तरी काम आमच्यासाठी साचूनच राहतं, मॅडम. परत आल्यावर दुप्पट करायचं, वर टोमणे ऐकायचे."

चूल मन्हीच शे. तेच की हे.

मी म्हटलं, "सुट्टी द्यायचीच. पण ठरावात आधी एक ओळ लिहा. त्या दिवसांतलं तिचं काम दुसऱ्यानं करायचं, तिच्यासाठी ठेवायचं नाही. ही ओळ नसेल तर ते नुसतं बाजूला बसवणं होईल."

"म्हणजे आम्ही करायचं?" पुस्तकवाल्यांनी विचारलं.

"हो, तुम्हीच. अडलं तर तिला विचारा. सुरुवातीला करपेल, चालतं."

काय करपेल, ते कुणाला कळलं नाही. त्या एका ओळीवर बराच खल झाला. शब्द इकडचे तिकडे करून बघितले, पण मी ती काढू दिली नाही. शेवटी ठराव मंजूर झाला, कुरकुरत का होईना. ती तरुण प्राध्यापिका बाहेर जिन्यापाशी थांबली होती. तिनं माझा हात दाबला.

जळगावच्या या क्वार्टरमध्ये मी एकटीच असते. स्वयंपाकाची बाई येऊन गेली होती, डबा झाकून ठेवला होता. तरी मी कळण्याचं पीठ काढलं. तुला वाचता येत नव्हतं, तुला आलेली सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचे. हे पत्र मात्र आता माझ्यापाशीच राहील. त्यात एवढंच लिहायचं राहिलंय. मला भाकरी चांगली येते माय, तूच शिकवलीस. पण आज पीठ परातीत घेतलं आणि मागच्या दाराकडे तोंड करून मी मोठ्यानं विचारलं, "मीठ किती?" आणि तवा तापून धूर निघेपर्यंत तशीच उभी राहिले.