आई, धाकटीला सांगितलं

आई, तुझ्या धाकटीला मी सगळं सांगितलं. तू घातलेली शपथ मोडून आता वर्ष होत आलं आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. उलट हल्ली इतकं बरं वाटतं की अंबरनाथच्या बाजारात भाजीवाल्याशी भांडायचंही राहून जातं.

तुझे शेवटचे महिने आठवले की मात्र अजून डोकं तापतं. उल्हासनगरच्या सिंधी शेठसाठी तू परकर शिवायचीस, आणि स्वतःसाठी शिवलेला प्रत्येक नवा परकर आधीच्यापेक्षा चार बोटं रुंद असायचा. हाताच्या काड्या झालेल्या, दोन घासांत पोट भरायचं, तरी कंबर वाढतच होती. शेजारणी म्हणायच्या, "अंगानं चांगली भरलीस गं." गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, मी ओवा भाजून दिला. मोठ्या इस्पितळात अंडाशयाचा कॅन्सर म्हणाले तेव्हा फार उशीर झाला होता. घरी आल्यावर तू मशीनपाशी बसून माझा हात धरलास. "धाकटीची सोयरीक ठरलीय. बाईच्या आतलं दुखणं म्हटलं की मोडतील. कावीळ झाली सांग. तिलाही तेच. माझी शपथ आहे तुला." खोटं बोललं की सिस्टर पट्टी मारायच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये तू मला घातलंस, आणि घरी खोटं बोलायला तूच लावलंस.

मग इतक्या वर्षांनी मलाही तेच झालं. ऑपरेशन, केमो, टक्कल, सगळं झालं आणि निभावलं. तिथे इस्पितळात दर खेपेला एक मुलगी प्रश्नांचा कागद घेऊन यायची. झोप लागते का, जेवण जातं का, मनाला कसं वाटतं. तुला हे कोणी एकदा तरी विचारलं होतं का?

हा आजार घराण्यात उतरतो का, याचाही त्यांचा अभ्यास चाललाय. म्हणून त्याच मुलीने आपल्या घराण्याचा नकाशा काढला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आणि जिला हा आजार झाला तिचं वर्तुळ काळं. माझं काळं केलं. मग तुझ्यावर पेन टेकवून म्हणाली, "मॅडम, आई कशाने गेल्या?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कावीळ." तुझं वर्तुळ मोकळं राहिलं. माझ्या शेजारचंही. "या बहीण ना? आईंना असता तर यांना आधी बोलावलं असतं," असं म्हणून तिने कागद फाइलला लावला.

मी रिक्षा स्टँडपर्यंत गेले आणि मागे फिरले. "आईचं वर्तुळ काळं कर. मी खोटं बोलले." ती मुळीच चकित झाली नाही. "खूप जणी असंच सांगतात, मॅडम. कावीळ, नाहीतर टायफॉइड."

तिथून थेट शिरगावला, धाकटीच्या घरी. ती ओट्याशी कोलंबी सोलतेय. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकते. ती नळ बंद करते.

"म्हणजे आईला कावीळ नव्हती?"

"नव्हती."

"आणि मी तीस वर्षं बाहेरच्या पाण्याला शिवले नाही? पाणीपुरी सोडली मी, ताई. पाणीपुरी."

"आईने शपथ घातली होती."

"आई गेली. तू होतीस ना?" कोलंबीचं ताट बाजूला सारून तिनेच विचारलं, "मलाही होईल का?"

"माहीत नाही. रक्त देऊन बघू."

"मग कधी जायचं ते बोल."

दोघींचं रक्त तपासलं; माझ्या रक्तात सापडलेला, घराण्यात उतरणारा दोष तिच्याही रक्तात निघाला. पण नुसता रक्तात. आजार यायच्या आधीच तिची दोन्ही अंडाशयं काढून टाकली, तपासली, स्वच्छ निघाली. शुद्धीवर आल्यावर म्हणते, "माझं सगळं सामान काढून घेतलंत, आता जेवायला तरी द्या." आणि ज्या जावयाला कळू नये म्हणून तू एवढा आटापिटा केलास, तो आठवडाभर रोज तिची वेणी घालत होता. वाकडीतिकडी, पण घालत होता. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी उल्हासनगरला पाणीपुरी खाऊन आलो. नाकातून पाणी येईपर्यंत तिखट मागितलं बयेने.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक कबूल करते. धाकटीचं लग्न झालं, मुलं झाली, तेव्हाच तुझी शपथ संपली होती. त्यानंतरची सगळी वर्षं मी तुझ्यावर ढकलली. शाळेत नोकरीभर विज्ञान शिकवलं, फळ्यावर अंडाशयाची आकृती काढली, फिदीफिदी हसणाऱ्या मुलींना बाकावर उभं केलं. घरी सख्ख्या बहिणीपुढे तो शब्द उच्चारायची मात्र मला लाज वाटत होती, आई.