उंदरांचं कोकम, माझं आगळ

३ फेब्रुवारी, सोमवार
श्रुतिका आज तब्बल बावीस मिनिटं बोलली! एरवी "जेवलास ना? ठेवू?" एवढ्यावर लेकीचा फोन आटपतो. आज तिच्या उंदरांची चौकशी केली आणि पोरगी सुटलीच. हैदराबादच्या प्रयोगशाळेत ती उंदरांना दुखण्यावरच्या गोळीचं औषध देते. त्यानं त्यांच्या किडन्या बिघडतात. पण ज्यांना सोबत कोकमाच्या सालीचा अर्क मिळतो, त्यांच्या बऱ्याचशा वाचतात. कोकम— आमचं कोकम! रत्नप्रभा असती तर अख्ख्या दिंडोशीला सांगून आली असती. बायको गेल्यापासून सांगायला कोणी नाही, म्हणून वहीला सांगतोय.

६ फेब्रुवारी
गुडघ्यांसाठी सहा वर्षं गोळी घेतोय, दिवसाला एक. बहिणीनं, शकुनं, गावाहून पाठवलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली घरात होतीच. आता सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी आगळ आणि एकेक गोळी. लेकीनंच शोधून काढलंय, मग भीती कसली? आज चारही मजले न थांबता चढलो.

१९ फेब्रुवारी
फोन नाही.

२ मार्च
सत्तावीस मिनिटं. हल्ली प्रश्न आधीच लिहून ठेवतो— अर्क किती देतेस, वजन कधी करतेस. म्हणाली, "बाबा, तू आमच्या सरांपेक्षा जास्त विचारतोस यार." गोळ्यांचं काही बोललो नाही. दुखण्याखुपण्याचं काढलं की ती "डॉक्टरकडे जा" म्हणते आणि ठेवते. उंदरांवर बोलताना हसते. मला ते हसणं हवं असतं, दुसरं काय.

११ एप्रिल
पाय सुजलेत. चपलेचा पट्टा रुततो. उन्हाळ्यानं असेल. आगळ वाढवलं.

२४ एप्रिल
रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दोन्ही किडन्या जवळपास गेल्यात. डायलिसिस लागेल. पेनकिलर कधीपासून घेताय?"

श्रुतिकाला सगळं सांगितलं, कोकमासकट. ती म्हणाली, "बाबा, आगळ? अरे, त्यात मीठ किती असतं! मी नुसत्या सालीचा अर्क देते. आणि ते उंदीर आहेत रे, अठ्ठावीस दिवसांचा प्रयोग. तू सहा वर्षं गोळ्या खातोयस. मला एकदा विचारायचंस ना."

विचारलं असतं तर उंदरांचं बोलणं संपून माझ्या गुडघ्यांचं सुरू झालं असतं, आणि तू फोन ठेवला असतास. हे फक्त वहीत. तिला म्हटलं, "चुकलं माझं."

२९ एप्रिल
पाच दिवसांनी फोन. उंदरांचं नाव नाही. "बाबा, मी इथे तपासण्या करून घेतल्या. आपला रक्तगट एकच आहे. माझी एक किडनी तुला चालेल, बहुतेक. मी येतेय."

मीच फोन ठेवला.