चेनकव्हर नसलेली सायकल

नंदनवन, नागपूर
दि. १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सिंधूताईस मारोतरावचा नमस्कार.

जावयानं साळीला, बायकोच्या धाकट्या बहिणीला, आधी नमस्कार लिहावा अशी आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिला. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, चुका होतील, त्या सांभाळून वाच. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. तुझ्या उन्मेषच्या लग्नाची पत्रिका रंभाच्या एकटीच्या नावानं आली होती, तिच्यावरून पत्ता उतरवला आहे. कुहीचा पिनकोड त्यात पुसट आहे, शेवटचा आकडा दोन आहे की सात ते कळत नाही. कालपासून मला त्याचीच काळजी लागली आहे. पत्र भलत्याच्या हाती पडलं तर?

इकडे थंडी सुरू झाली. हर्षित आणि सून गुंजन दोघंही हिंगण्याला कंपनीत जातात, सकाळी सातला बस. तुझ्या बहिणीच्या, रंभाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ४ डिसेंबरला ठरलं आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

सध्या मी सायकल शोधतो आहे. झालं असं की दसऱ्याच्या आधी इतवारीत माझी स्कूटर एका हातगाडीला लागली. माणसाला काही झालं नाही, नुसते स्टीलचे डबे रस्त्यावर सांडले. ज्या भांड्यांच्या दुकानात मी गल्ल्याजवळ बसतो, त्याच्या शेटनं हर्षितला फोन लावला. हर्षितनं स्कूटरची चावी स्वतःच्या कपाटात ठेवली.

मग महिनाभर ई-रिक्षानं गेलो. सिंधूताई, शिसारी आली. चौघांच्या जागेत सात जण कोंबतात. शेजारचा खर्रा चघळतो आणि चालत्या गाडीतून थुंकतो, वाऱ्यानं ते माझ्या बाहीवर येतं. बोललो तर म्हणतो, "काकाजी, नवी बाही घेऊन देऊ का?" बाकीचे हसतात. म्हणून ठरवलं, सायकल घ्यायची. साधी. रोज जायला पाच किलोमीटर, यायला पाच. बहात्तर वय झालं म्हणून काय, पाय शाबूत आहेत.

आता साधी सायकल मिळायला काय अडचण? पण दुकान पाहून डोकं फिरलं. काचेचं दुकान, आत एसी, सायकली भिंतीला टांगलेल्या, बोकड टांगतात तशा. एक मुलगी आली, छातीवर मुग्धा नाव लावलेली.

"काकाजी, नातवासाठी पाहून राहिले का?"

"माह्यासाठी."

"अच्छा, फिटनेससाठी!"

"नाही वं बाई. नोकरीसाठी."

तिनं एक सायकल काढली. एकवीस गियर. मी म्हणालो, "मले इतवारीले जायचं हाय, पचमढीले नाही." नागपुरात चढ तो कुठे? किल्ल्याची टेकडी सोडली तर सारं ताटासारखं सपाट. एकवीस गियर म्हणजे एकवीस ठिकाणी बिघडायची सोय. मला रात्री झोपेत गियर अडकल्याची स्वप्नं पडली असती.

मग म्हणाली, सिंगल स्पीड घ्या, आता तेच चालून राहिलं. मला बरं वाटलं, साधी वस्तू पुन्हा आली म्हणून. तिनं दाखवली तर नुसता सांगाडा. चाकं, दांडी आणि सुरीसारखी सीट.

"घंटी?"

"वेगळी मिळेल."

"स्टँड?"

"वेगळा."

"मडगार्ड?"

"लावून देऊ, पण लूक जाते काकाजी."

लूक जाते! पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन मी दुकानात चढलो तर कोणाचा लूक जाईल? चेनकव्हर विचारलं तर ती माझ्याकडे पाहतच राहिली. आपल्याकडे जे गरिबीनं नसायचं, ते आता हे लोक मुद्दाम काढून टाकतात आणि वर ऐट करतात. मी रागानं तसाच बाहेर पडलो.

मग गांधीबागेकडच्या एका गल्लीत जुनं दुकान सापडलं. मालक मनोहरराव, माझ्याच वयाचे. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी मागून एक सायकल ढकलत आणली. काळी, बावीस इंची, सळईचे ब्रेक, लोखंडी कॅरियर, दोन पायांचं स्टँड, आणि चेन पूर्ण झाकलेली. "पायजम्याले एक डाग लागला तर परत आणून द्या भाऊ," म्हणाले. मी सीट धरून मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं. आवाज नाही. घंटी वाजवली. हवी तीच सायकल होती. मी होकार देणारच होतो.

तेवढ्यात ते म्हणाले, "चेनकव्हरवर नाव टाकून देऊ का? पेंटर बाजूलेच बसते. पहिले सारेच टाकत होते, आठवते ना?"

मी म्हणालो, उद्या येतो. आणि निघालो. कोपऱ्यावर उभं राहून मला उलटी झाली. घरी सांगितलं, खर्र्याच्या वासानं झाली.

हात दुखतो आहे, उद्या लिहीन.

*

बुधवार, १९ तारीख

काल लिहिलं नाही. परवाचं वाचून पाहिलं, सगळी सायकलचीच गोष्ट झाली. कागद फाडणार होतो. पण काल रात्री जेवताना जे झालं ते तुला कळलं पाहिजे.

हर्षित म्हणाला, "घेऊन टाका ना बाबा ती काळीच. तुमची जुनी तशीच होती. मले दांडीवर बसवून शाळेत नेत होते."

मी म्हणालो, "हो ना. तुह्या आईले सायकलचं भेव वाटे, नाहीतर तिलेही मागं बसवून सारं नागपूर दाखवलं असतं."

हे मी हजार वेळा बोललो असेन. पाहुण्यांत, कारखान्यातल्या मित्रांत. बाजारातून येताना मी सायकल हातात धरून चालायचो आणि रंभा पिशवी घेऊन बाजूनं चालायची. लोक थट्टा करायचे, मी हेच सांगायचो. बायको सायकलला भिते.

रंभा खाटेवर पाय लांब करून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी कधीच भेली नाही सायकलले. मी त्या सायकलवर बसत नव्हती."

तिनं मेथीची काडी बाजूला टाकली.

"आन् काळी सायकल या घरात पुन्हा येणार नाही."

गुंजननं विचारलं, "काहून हो आई?"

"तुह्या सासऱ्याले इचार."

गुंजननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, भाजीत मीठ जास्त झालं.

सिंधूताई, या वयात माणसाला स्वतःच्या तोंडाची किळस येते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता लिहितो. मे १९७९ मधलं तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितो, कारण मला काय माहीत होतं ते तुला माहीत नाही.

बोलणीत सायकल ठरली होती. मांडवात सायकल नव्हती. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि माझे मामा कानाशी म्हणाले, "उठू नको गा मारोती. रुसून बस." मी बसलो. बाशिंगासकट, पानाला हात न लावता. सगळं वऱ्हाड माझ्यासाठी अडलं. तुझे वडील, वामनराव, हात जोडून उभे राहिले. "जावईबापू, यंदा हाती काही नाही. धान निघालं की दिवाळीले कोरी सायकल आणून देतो. माहा शब्द घ्या."

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर वामनराव घरामागे गेले आणि तुझी सायकल झेंडूचा हार घालून घेऊन आले. तू तेव्हापासून असं धरलंस की बापानं स्वतःच्या मनानं तुझी सायकल दिली. मोठीचं लग्न वाचवलं आणि धाकटीची शाळा मोडली. तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. रंभा सांगायची, त्यांना ताट वाढायचीस पण बाबा म्हणून हाक मारायची नाहीस. ते गेले तोपर्यंत.

त्यांनी स्वतःच्या मनानं दिली नाही. मी मागितली.

दिवाळी म्हटल्यावर मामा ढिले पडले होते. मीच त्यांना म्हणालो, "मामाजी, ती गोठ्यापाशी उभी हाय ना, तीच चालते मले." हळूच म्हणालो, पण वामनराव समोर होते, त्यांनी ऐकलं. त्यांचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. आणि ती कोणाची आहे हे मला ठाऊक होतं. मुलगी पाहायला आलो होतो तेव्हा तू शाळेतून आली होतीस. दांडीवरून पाय पुरत नव्हता म्हणून दांडीखालून पाय घालून, कैची मारत, वाकडी होऊन. कॅरियरला दप्तर बांधलेलं. कुहीच्या शाळेपासून तुमच्या गावापर्यंत सहा किलोमीटर. मी हसलो होतो. मला त्या दिवशीच ती सायकल आवडली होती.

वामनरावांनी हे कोणाला सांगितलं नाही. जावयाचं नाव घेतलं तर लेकीला सासरी जड जाईल, एवढाच त्यांचा हिशेब असेल. तुझा राग त्यांनी स्वतःवर घेतला आणि तसाच नेला. त्यांच्या तेराव्याला तू सगळ्यांना वाढलंस आणि माझी पत्रावळ ओलांडून पुढे गेलीस. लोकांना वाटलं, केवढा अपमान. मला वाटलं, हिला अर्धंच माहीत आहे, पूर्ण कळलं तर पत्रावळीत थुंकेल. मी तेव्हाही बोललो नाही. ते गेले त्या सकाळी समोर तिरडीवर होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना पेन फेकून द्यावं वाटतं.

नागपूरला आल्यावर हार काढला. चेनकव्हरवर पांढऱ्या अक्षरात होतं, कु. सिंधू वामनराव ठवकर, वर्ग ९ वा. शेवटी एक लहान फूल. इतवारीतल्या पेंटरकडे नेली. त्यानं विचारलं, "खरवडू का वरूनच मारू?" मी म्हणालो, वरूनच मार. वर माझं नाव टाकून घेतलं. पण उन्हात रंग तडकायचा आणि खालून तुझ्या नावाचं पहिलं अक्षर दिसायचं. दर दिवाळीला मी स्वतः ब्रश घेऊन काळा हात मारायचो. रंभा दारात दिवे लावायची आणि पाहायची. एकोणीस वर्षं त्या सायकलनं हिंगण्याला ड्युटीला गेलो. स्कूटर घेतली तेव्हा भंगारात दिली. ठेला वळेपर्यंत रंभा दारात उभी होती. मी समजलो, जुन्या वस्तूची माया असेल.

मांडवात ती माझ्या बाजूला बसली होती. मामांना मी काय म्हणालो ते तिनं ऐकलं असेल, हे मला शेहेचाळीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. काल रात्री सुचलं.

तू नववीत शाळा सोडलीस. पुढे अंगणवाडीत मदतनीस लागलीस, मॅट्रिक नव्हती म्हणून सेविका झाली नाहीस, मदतनीस म्हणूनच रिटायर झालीस. हे मला रंभा सांगायची आणि मी "अस्सं" म्हणायचो.

*

रविवार, २३ तारीख

सायकल घेतली. त्या काचेच्या दुकानातूनच, ती एका गियरची, राखाडी. मडगार्ड लावून घेतले, कॅरियर, स्टँड, घंटी, सगळं लावून घेतलं. लूक गेला. ती मुग्धा म्हणाली, "काकाजी, तुम्ही तर हिला पोस्टमनची सायकल करून टाकली." मी म्हणालो, माझ्यासाठी हेच बरं. चेनकव्हर मात्र लावलं नाही. तिथे नाव टाकायला जागाच नको.

चालायला हलकी आहे. टायर बारीक, पंक्चरची धास्ती वाटते. कुलूप दोन लावतो, तरी दुकानातून चारदा उठून पाहून येतो. पहिल्याच दिवशी पायजम्याला चेनचं काळं लागलं. रंभानं पाहिलं. मी म्हणालो, गुंजनला साबण विचारतो. रंभा म्हणाली, "लागू द्या."

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. ऑपरेशनच्या तपासणीला डॉक्टरनं विचारलं, महिनाभर घरी पाहायला कोण आहे? हर्षित म्हणाला, बाई लावू. रंभा म्हणाली, "बहीण हाय माही, कुहीले." डॉक्टरनं लिहून घेतलं. घरी आल्यावर तिनं तुझं नाव काढलं नाही. आजवर तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि हेही मागणार नाही. पण दारात रिक्षा थांबली की ती खाटेवरून मान वळवून पाहते.

तू माझ्या घराचा उंबरा आजवर ओलांडला नाहीस. ओलांड असं म्हणायला मला तोंड नाही. पण ती खाट तिची आहे, तिच्यासाठी ये. मी समोर नको असेन तर शेटला विचारलं आहे, दुकानाच्या वर माळा आहे, तिथे झोपेन. रागावून ये, बोलू नको, पण ४ तारखेच्या आधी ये.

आलीस तर हे पत्र बरोबर आण. मी ते रंभाला वाचून दाखवलेलं नाही, तेवढी हिंमत झाली नाही. तू वाचून दाखव. वामनरावांच्या फोटोपुढेही एकदा वाच, तुझ्या घरी आहे ना फोटो? त्यांना हाक मारायची राहिली आहे तुझी, ती माझ्यामुळे राहिली.

आणि माझ्यासमोर पान मांडलं गेलं, आणि वाढणारी तू असलीस, आणि पुन्हा ओलांडून पुढे गेलीस, तर मी उठून जाणार नाही. पंगत संपेपर्यंत रिकाम्या पानावर बसून राहीन. या वेळी रुसून नाही.

एकोणीस वर्षं तुझ्या सायकलवर बसलेला,
मारोती