तीन किनारे आणि टाकवे

आप्पा, गेल्या रविवारी आम्ही पुन्हा समुद्र निवडायला बसलो होतो. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, रेल्वेचं क्वार्टर सुटलं, आम्ही लोणावळ्यातच दुसरीकडे राहायला गेलो, पण निवडायची पद्धत तुमचीच राहिली. जेवणं झाली की ताटं बाजूला सारायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या किनाऱ्याची बाजू मांडायची. मुलगी अलिबाग म्हणते, कारण तिथे छत्री बांधून माणसाला बोटीमागे उडवतात. बायको मालवण म्हणते. एवढं जायचंच तर पाणी तरी असं बघू की पाय बुडवला तर बोटं दिसली पाहिजेत, हे तिचं म्हणणं. मी गुहागर म्हणालो. लहानपणीही मी गुहागरच म्हणायचो. आई भिंतीला टेकून शेंगा सोलत होती, ती म्हणाली, "माजं गुडघं चालतील तितं न्या." मग तुमचा विषय निघाला आणि मी मोठ्या कौतुकानं पोरीला सांगितलं, तुझ्या आजोबांना समुद्राची फार हौस होती गं, पण बिचाऱ्यांना कधी रजाच मिळाली नाही. हे मी रविवारी सांगितलं आणि बुधवारी आपल्या गावी, टाकव्याला गेलो.

क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली आहे. घाटात गाड्या चढवणाऱ्या इंजिनावरची तुमची ड्युटी संपली आहे. तुम्ही हातपाय धुता, चहा बशीत ओतता आणि विचारता, "हां, बोला. औंदा कुटं? अलिबाग, गुहागर का मालवण?" ताई अलिबाग म्हणते, मी गुहागर म्हणतो, आमची जुंपते, आणि तुम्ही मिशीत हसत दोघांचंही ऐकून घेता. गुहागरला माडाच्या बागा पार पाण्यापातूर हायत, असं अशा थाटात सांगता की जणू जन्मच तिथला. एका वर्षी तर पिशव्याही भरून झाल्या होत्या. तुम्ही मला पोहायची हवेची ट्यूब आणली होती, लाल-पिवळी. ती कमरेला अडकवून मी घरभर हिंडत होतो, जेवायलाही तशीच घालून बसलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आलात, टोपी खुंटीला लावलीत आणि खाली बघत म्हणालात, "साहेबानं रजा न्हाई दिली. उलट लोनावळ्याबाहेर ड्युटी लावली, चार दिस."

मी रडलो नाही, आप्पा. मला तुमचीच दया आली. ट्यूबमधली हवा मीच सोडली, तुम्हाला ती दिसून वाईट वाटू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी आईनं आमरस केला, तर माझी वाटी मी तुमच्यासाठी झाकून ठेवली. तुम्ही येईपर्यंत तो आंबला आणि आईनं फेकून दिला. आणि तो साहेब! शाळेच्या वाटेवर भेटला की खिशातून गोळी काढून द्यायचा. मी हात मागे घ्यायचो. आमच्या आप्पांना रजा देत नाही, याची गोळी कसली खायची? चार दिवसांनी तुम्ही परत आलात ते तोंड उन्हानं रापलेलं, सदऱ्याची कॉलर लालेलाल. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "सिग्नल रंगवत व्हतो." शाळा उघडल्यावर मी वर्गात सांगितलं की घाटातले सिग्नल माझे वडील रंगवतात.

तर बुधवारी टाकव्याला गेलो ते नानांच्या पोराची मोठी गाडी मागायला. तुमचे धाकटे भाऊ आता थकलेत, पण आवाज तोच. समुद्राला जायचंय म्हटल्यावर हसायलाच लागले. "तुजा बाप असता तर आला नसता बग. यात्रा सोडून त्यो सोर्गातबी गेला नसता." मी म्हटलं, नाना, आप्पा कुठे यायचे यात्रेला, त्यांना रजा नसायची. "रजा नसायची? आरं, वर्सभर साटवून ठेवायचा रजा. यात्रांचं दिस आलं की हितं हजर. त्याच्याबिगर आपला गाडा शर्यतीला जुपलाच न्हाई कदी. बैलं पयली आली की गुलालात असा न्हायचा, वळकू यायचा न्हाई." गाडीची किल्ली घेऊन नानांचा पोरगा बाहेर आला. माझ्याच वयाचा तो. म्हणाला, "तुज्या आप्पांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं व्हतं. तुला आठवतंय का रं?" मला कसं आठवणार? मी घरी तुमच्या वाट्याच्या आमरसावर झाकण ठेवत होतो.

घरी येऊन आईला विचारलं. ती मेथी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "ठावं व्हतं. सदरं कोन धुत व्हतं? सिग्नलचा रंग पान्यानं जातो व्हय?" मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "काय बोलायचं? तुमी पोरं त्येला किती जपत व्हता." मी विचारलं, तुला नव्हता बघायचा समुद्र? "व्हता की," म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.

माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. बैलांपायी आपल्याकडची माणसं काय काय करतात ते मला माहीत आहे, त्याचं मला नवल नाही. पण न्यायचं नव्हतं तर विचारायचात कशाला? आम्हाला भांडायला लावून, माडाच्या बागा दाखवून, वर आमच्याकडूनच कीव करून घेतलीत. फसवलंत तुम्ही आम्हाला, आप्पा, आणि दरवर्षी चहा पीत पीत फसवलंत. आईचे गुडघे धड होते तेव्हा ती त्या वाळूत चालली असती. आता तिच्यासाठी तळमजल्यावरची खोली बघावी लागते, आणि पाण्यापर्यंत तिला दोघांनी धरून न्यावं लागणार.

गुहागर ठरलं आहे. गाडी नानांच्या पोराचीच. पोरीला मी अजून खरं सांगितलेलं नाही, तिचे आजोबा अजून बिचारेच आहेत. हा कागद कुठल्या पेटीत टाकणार, तो कपाटातच राहील. पण एक गोष्ट राहिली आहे, ती लिहूनच टाकतो. तुम्ही दरवर्षी तीन किनारे विचारायचात. टाकवं त्यात कधीच नव्हतं. एकदा विचारून तर बघायचंत. मी टाकवं म्हणालो असतो.