सातव्या मजल्याचा आकडा

१२ मार्च

ताई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून तू चिडली असशील. चीड. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून मला शेजारी गोळा करायचे नाहीत, त्यापेक्षा आपलं पत्र बरं. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटलीकडे नुसतं बघतेस?

तुझा पहिला प्रश्न नेहमीचाच, आज माझी लेक कितव्या मजल्यावर? दहाव्या. परवा दहाव्याचा स्लॅब पडला. घाबरू नकोस, आमच्यात ‘पडला’ म्हणजे ओतून झाला. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची तिची इमारत अख्खी दिसते. दर दहा दिवसांनी एक मजला चढतो. शहराच्या ऐन मध्यावर एवढं उंच काही नव्हतं, त्यामुळे येणारे-जाणारे माना वर करकरून एकमेकांना धडकतात.

चिमणी आता चिमणी राहिलेली नाही. इंजिनिअरचं पांढरं हेल्मेट घालून बापाच्या वयाच्या मुकादमांना झापते. जेवायला मात्र रोज सातव्यावर जाते. तिथे वारा छान लागतो म्हणे. कोपऱ्यातल्या खांबाला पाठ टेकून डबा खाते. मी म्हटलं, खाली जेव. तर म्हणाली, “मामा, तू म्हातारा झालास.”

आणि तू शेजारणीला ‘माझा भाऊ दगड फोडतो’ असं सांगतेस ते आता बंद कर. प्रत्येक मजल्याच्या काँक्रीटमधून थोडं काढून त्याचे ठोकळे करतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात, मग मी ते मशीनखाली घालून दाबतो. कितीला फुटला, तो आकडा मी लिहितो. खांबांना चाळीसच्या वर यावा लागतो. त्या आकड्याच्या भरवशावर वरचे मजले चढतात. एवढंच माझं काम.

तिचं काम कसं आहे विचारलंस. चांगलं आहे. काळजी करू नकोस.

मला हल्ली झोप कमी लागते. उन्हाळा असेल.

तुझा धाकटा


२१ एप्रिल

ताई,

हे पत्र लहानच आहे. तिला घरी बोलावून घे. आजारी आहे म्हणून सांग, पडले म्हणून सांग, काय वाट्टेल ते सांग. पंधरा दिवस तरी ठेवून घे. माझं ती ऐकत नाही. तुझ्या एका हाकेवर येईल.

कारण विचारू नकोस. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलेलं नाही. लहानपणी मागितलं असेल ते सोड.

चौदा मजले झाले. काल डबा खाऊन ती माझ्याकडे आली आणि हसत हसत म्हणाली, “मामा, माझ्या टेकायच्या खांबाला केसाएवढी चीर गेलीय.” माझ्या हातातला कप खाली पडला. मी म्हटलं, साइटच्या मोठ्या साहेबांना दाखव. तर म्हणते, “वरवरची असेल रे. तुझाच आकडा बेचाळीस आहे ना? मग कसली भीती?”

ताई, तिला बोलाव.

धाकटा


३० एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मिळालं. ‘पोरीच्या कामाच्या बाबतीत मी खोटं बोलणार नाही,’ असं लिहिलंस. बरोबरच आहे. आपल्या घरातलं सगळं खोटं मी एकट्यानेच बोलून ठेवलंय.

आत्ता मी साइटवरच्या केबिनमध्ये बसलोय. मोठ्या साहेबांनी पुढ्यात कोरे कागद ठेवले आणि म्हणाले, सगळं लेखी द्या. मी आधी तुला लिहितोय.

सातव्याचे खांब ओतायचे त्या दिवशी काँक्रीटचा ट्रक भर चौकात अडीच तास अडकला होता. पोचेपर्यंत माल आळायला लागला. मुकादम म्हणाला, पाणी घाला. चिमणीने घालू दिलं. पाण्याने काँक्रीटची ताकद जाते. तिला ते कळत होतं, पण वर माणसं खोळंबली होती आणि नोकरीला जेमतेम दोन महिने झाले होते. पण तिने लपवलं नाही ताई! ठोकळ्यांबरोबर चिठ्ठी पाठवली, ‘पाणी घातलं आहे, मामा, नीट बघ,’ म्हणून. किती घातलं तेही लिहिलं, खाली सही केली.

सातव्या दिवशी एक ठोकळा फोडला, आकडा कमी आला. म्हटलं, अठ्ठावीसपर्यंत भरून निघेल. अठ्ठाविसाव्या दिवशी तेवीस आला. दुसरा फोडला, तेवीस. तिसरा चोवीस. तेवढ्यात ती दारात. “मामा, किती आला?” तिची ही नोकरी माझ्या शब्दावर लागलेली. रात्रंदिवस लोकांचे कपडे शिवून तू तिला शिकवलीस. मी म्हटलं, “बेचाळीस.” तिने माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. मग मी बेचाळीस लिहिला आणि तिची चिठ्ठी खिशात घातली.

तिला वाचवायला गेलो आणि तिलाच त्या खांबाखाली नेऊन बसवलं. माती खाल्ली मी, ताई. मार्चमध्ये तुला पत्र लिहिलं तेव्हा ही माती खाऊन आठवडा झाला होता. तेव्हापासून प्रत्येक स्लॅब माझ्या छातीवर पडलाय. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन आधी ती इमारत उभी आहे का बघायचं, मग हातातला डबा खाली ठेवायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर गिळताही येईना. सांगितलं तर तिची नोकरी जाईल, नाही सांगितलं तर तीच जाईल. हे कळायला एवढे दिवस का लागावेत? भ्यालो होतो. दुसरं काही नाही.

आज पंधरावा स्लॅब होता. ट्रक रांगेत उभे होते. मी सरळ इथे केबिनमध्ये शिरलो, चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, सातव्याचा आकडा खोटा आहे. त्यांनी ती दोनदा वाचली, शिव्या घातल्या, आणि काम थांबवून सगळ्यांना खाली उतरवायला सांगितलं. क्रेनच्या आवाजात वरच्या लोकांना शिट्टी ऐकू जाईना. तर तुझी लेक वर गेली त्यांना बोलवायला! मी मागे धावलो, वॉचमनने मला कंबरेला धरून इथे आणून बसवलं.

केबिनच्या खिडकीतून जिना दिसतो. माणसं खाली येताहेत. सगळी पिवळी हेल्मेटं. मी मोजतोय. चाळीस, एक्केचाळीस. पांढरं दिसत नाही. ताई, मी तुला काय तोंड दाखवू? एकसष्ट झाली. पांढरं नाही. लिहीत राहिलो नाही तर मी ओरडेन.

आली. सगळ्यांच्या मागून आली. हेल्मेट काखेत होतं म्हणून मला ओळखू आली नाही.

ती सरळ केबिनमध्ये आली. टेबलावरची स्वतःची चिठ्ठी उचलून वाचली. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

“खरा आकडा किती होता, मामा?”

“तेवीस.”

“आणि मी रोज तिथे टेकून जेवत होते.”

तुझ्यासाठी, म्हणालो मी. तिने ते ऐकलंच नाही. समोरचा कोरा कागद ओढला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वर मोठ्या अक्षरात ‘२३’ लिहिला. कागद परत माझ्याकडे सरकवला. “बाकीचं तू लिही. माझ्या पाण्याचंही लिही. काही वगळू नकोस.” मग बाहेर जाऊन मुकादमाबरोबर माणसांची मोजणी करायला लागली. आवाज अगदी तुझ्यासारखा, खणखणीत.

तिची नोकरी राहील का, माहीत नाही. माझी तर गेलीच, पुढचं पोलीस ठरवतील. तू मला फोन करू नकोस. तिला कर. ती जेवलेली नाही.

तो कागद लिहून झालाय, बाहेर साहेब त्यासाठी थांबलेत. त्यावर सही करायला हात उचलत नाही, म्हणून आधी तुझ्या पत्रावर करून बघतो.

खोटा आकडा लिहिणारा,
तुझा धाकटा