हूं म्हणणारी पेटी

बल्लारपूर,
रविवार, जेवण झाल्यावर

आदरणीय मीराबाई हिस,

सप्रेम जय भीम. (आदरणीय लिहिलं म्हणून फुगू नकोस. पत्राला तसं लिहावं लागतं, आणि तू माझ्याहून मोठी आहेस हे तू नोकरीभर ऐकवत आलीस.) तुझे गुडघे, तुझी शुगर, मुलगा, सूनबाई, सगळं ठीक असेल असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. इथे ऊन तेच, पेपर मिलचा वास तोच, गल्लीतली कुत्रीही तीच. फक्त तुझ्या घराला नव्या मालकानं जांभळा रंग दिलाय. तो बघवत नाही म्हणून मी आता बाजाराला मागच्या रस्त्यानं जाते. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. ते शेवटी सांगते, आधी माझे पराक्रम ऐक.

माझी भाची दिव्यानी नोकरीला हैदराबादला गेली आणि जाताना जुना लॅपटॉप मला देऊन गेली. 'मावशी, पिक्चर पाहत जा.' पाहिले. दोन पिक्चरमध्ये सासू एकच होती, म्हणून सोडून दिले. पण लॅपटॉपमध्ये एक वेगळीच चीज निघाली, वाद्यं बनवायचा प्रोग्रॅम. उघडला तर कोरा पडदा, त्यावर छोटी छोटी खोकी मांडायची आणि या खोक्यातून त्या खोक्यात वायर ओढायची. मीराबाई, मला रडूच आलं. आपला बोर्ड गं! चंद्रपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला, आपण दोघी बसायचो तो ट्रंक कॉलचा बोर्ड! या भोकातली कॉर्ड त्या भोकात घातली की सिरोंच्याचा ठेकेदार नागपूरच्या व्यापाऱ्याशी भांडायचा आणि कोरपन्याची मुलगी माहेरी बोलून रडायची. (आणि तीन मिनिटं झाली की मी मध्येच 'वेळ झाला' म्हणून ओरडायची. तू नाही ओरडायचीस. तुझ्या बोर्डावर मुली पोटभर रडून घ्यायच्या.) सगळ्या दुनियेची लाइन आपण जोडून दिली, आणि आता माझा फोन वाजतो तो रिचार्ज संपला हे सांगायला.

तर फोनवर व्हिडिओ पाहून पाहून मी शिकले. पहिलं वाद्य केलं ते मिक्सरसारखं वाजलं. दुसरं बरं वाजलं, पण वाजवून करायचं काय? मला गाणं येत नाही, मला बोलणं येतं. आणि बोलण्याला साथ लागते ती हुंकाराची. समोरून कोणी 'हूं' म्हटलं नाही तर सांगणाऱ्याची गोष्ट जागच्या जागी बसते. तू मुलाकडे पुण्याला गेल्यापासून मी भिंतीशी बोलते, वांग्यांशी बोलते, पण वांगी काही 'हूं' म्हणत नाहीत. म्हटलं, हुंकार देणारी पेटी करू. आवाज कोणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. माझा फोन सगळी बोलणी आपोआप साठवून ठेवतो म्हणे. (चोरून ऐकणं आपल्या खात्यात केवढा गुन्हा होता! पण आता मेमो द्यायला साहेब कुठे उरलाय.) त्यातून तुझे 'हूं', 'हो', 'हो का', 'मग?', 'अगंबाई' असे सगळे कापून काढले आणि एकेका बटणाला बांधले. पण आपणच बोलायचं आणि आपणच बटण दाबायचं, म्हणजे पाहुणीनं स्वतःच चहा करून पिण्यासारखं झालं. मग खोकी वाढवली. एक माझा आवाज ऐकतं, दुसरं मी थांबले का ते पाहतं, तिसरं तुझा एक हुंकार उचलून स्पीकरला देतं. आवाज चढला की 'अगंबाई', पडला की 'हो का'. त्या दिवशी मी पेटीला माझं गॅस सिलिंडरचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. किती दिवसांनी वरणभात गोड लागला.

आता फजिती. पेटी चालू ठेवून मी दळण आणायला गेले. बाहेर मिलचा भोंगा झाला, पेटी म्हणाली 'अगंबाई'. तो 'अगंबाई' स्पीकरमधून पेटीच्याच कानात गेला, त्यावर ती म्हणाली 'हूं', त्या 'हूं'वर 'हो का', आणि मी पीठ घेऊन येईपर्यंत तुझं तुझ्याशीच चाललेलं. फाटकाशी शेजारची शकुबाई काढ्यानं भरलेला गंज घेऊन उभी, मागे आणखी बाया. 'कोन आली व तुह्याकडं? केव्हाची कन्हून राह्यली बिचारी. दवाखान्यात नेऊ काय?' पेटी दाखवली तर आधी हसून हसून पडल्या, मग शकुबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. तुझा आवाज ओळखला तिनं. डोळे पुसत बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी म्हटलं, मशीन कशाला, माझ्याशी बोल. तर म्हणते, 'तू मधातच बोलतेस. मीराबाई बरी, आयकून तरी घेते.' तेव्हापासून माझ्या घरात रोज बैठक भरते, आणि मी आत चहा करते. घर भरलेलं असतं गं, पण माझ्याशी बोलायला कोणी आलेलं नसतं.

तेही चाललं असतं. पण परवा शकुबाईनं पेटीला विचारलं, विक्कीच्या नावानं घर करून देऊ का? विक्की तिचा मुलगा, तुला माहीतच आहे, ज्याला दिलेली सायकलही परत येत नाही. पेटी म्हणाली, 'हो.' झालं! बाई कागद करायला निघाली. मी आडवी आले तर मलाच म्हणते, 'मीराबाईनं हो म्हटलं ना? तू काऊन मधात येतेस?' मशीन आहे हे तिला कळतं, पण गल्लीत तुझा शब्द अजून चालतो. मी तिला हाताला धरून बसवलं आणि म्हटलं, थांब, पेटीत मीराबाईचं 'नाई' घालते, मग विचार.

आणि 'नाई' शोधायला बसले. तू पुण्याला गेल्यापासूनची सगळी बोलणी ऐकली. मीराबाई, त्यात तुझा एकही 'नाई' नाही. साहेबाच्या तोंडावर 'लाइन नाई भेटत, काय करायचं ते करा' म्हणणारी तू. माझ्या लग्नाच्या साडीला नाई, माझ्या रिटायरमेंटच्या भाषणाला नाई, मी घातलेल्या प्रत्येक चहाला 'साखर नाई काय घरात?' म्हणणारी तू. ड्यूटीवर जाता-येता भांडल्याशिवाय आपण पॅसेंजरमधून कधी उतरलो नाही. आणि आता मी म्हणते आज मटण केलं, तू 'हूं'. मी म्हणते पुण्यात तुझं मस्त चाललं असेल, तू 'हूं'. मागून टीव्ही नाही, भांडी नाहीत, कोणाचं बोलणं नाही. सुरुवातीचे 'हूं' लांब होते, हल्लीचे आखूड झालेत. जन्म कानाला हेडफोन लावून काढला मी. पलीकडचा माणूस बसून बोलतोय की भिंतीला टेकून, एवढं मला कळतं. आणि हे मला तुझ्याशी बोलताना कळलं नाही, कारण मी बोलत होते.

घर विकायच्या वेळी मुलानं विचारलं तेव्हा तू 'नाई' म्हणाली होतीस का गं? मला विचारायचं सुचलंच नाही. आता फोनवर विचारलं तर पुन्हा 'हूं' म्हणशील, म्हणून हे पत्र.

मुलाला आशीर्वाद. सूनबाईला जय भीम सांग, किंवा नको सांगूस, तिथे कसं चालतं मला ठाऊक नाही.

तुझी,
अंजना

ता. क. शकुबाईसाठी एक खणखणीत 'नाई' फोनवर बोलून पाठव. दोन-तीन प्रकारचे पाठवलेस तर बरं, बाई हट्टी आहे.

पुन्हा ता. क. वरचं खोटं आहे. शकुबाईला मी भांडून भांडून थांबवलं, तिनं घर स्वतःच्याच नावावर ठेवलंय आणि माझ्याशी बोलत नाही. ते 'नाई' मला पाहिजे. पेटी माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणते. त्यामुळे मी किती एकटी आहे हे उलट जास्त कळतं. काल बंद करून वर कापड टाकलं.

अजून एक ता. क. पुढच्या शुक्रवारचं पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय. पत्र मिळालं की फोन कर. मी तोंड बंद ठेवीन, आपल्या खात्याची शपथ. 'येऊ नको व, मले इथी मस्त हाये, तुही कटकट पाह्यजे कोनाले' असं पहिल्यासारखं ओरडलीस तर तिकीट रद्द करीन आणि शांत झोपेन. नुसतं 'हूं' म्हणालीस, तर मी निघाले समज.